अवसेची तारीख

पुनाजी मडावीचे नऊ दिवस कॉम्प्युटरने खाल्ले, असं आमच्या सूतगिरणीत अजून सांगतात. साफ खोटं आहे. कॉम्प्युटर काही खात नाही. ते दिवस आम्ही माणसांनी खाल्ले आणि खाणाऱ्यांत मी होतो.

सत्त्याऐंशी सालचा मार्च. अल्लीपूरच्या बाहेर माळावर गिरणी, आणि मी तिथे टाइम ऑफिसात कारकून. शिक्षण दहावी पास, पुढे नापास. गिरणीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत मुंबईचा एक इंजिनिअर आला. चार महिने राहिला, कामगारांच्या हजेरीचा प्रोग्राम सी भाषेत लिहून दिला, आणि ऊन तापायला लागलं तसा पळाला. जाताना मॅन्युअलची तीन जाड बाडं टेबलावर टाकून गेला. ती मी वाचली. डिक्शनरी मांडीवर घेऊन, अडलेल्या पानाला चार-चार दिवस घालून वाचली. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणाचे आभार मानायचे नाहीत. सात-आठ महिन्यांत मला प्रोग्राम वाचता यायला लागला, मग दुरुस्त करता यायला लागला, आणि गिरणीला कळलं की पगार कारकुनाचा आणि काम इंजिनिअरचं असा एक माणूस फुकटात सापडला आहे.

माझे साहेब म्हणजे हेड टाइमकीपर वासुदेवराव. नाचणगावचे. घरची शेती, कपाळाला गंध, टेबलाच्या काचेखाली पंचांग. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली होती. कॉम्प्युटर चालू करायचा पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे. मशीनच्या आतल्या घड्याळाचा सेल केव्हाच मेला होता आणि नवा सेल बंगलोरहून येणार येणार म्हणून येतच नव्हता. त्यामुळे मशीन चालू केली की ती आधी विचारायची, आज तारीख काय, वाजले किती. वासुदेवराव पासवर्ड टाकायचे, तारीख टाकायचे, वेळ टाकायचे, हात जोडायचे आणि मग खुर्ची मला द्यायचे. लाईन दिवसातून दोन-तीनदा जायची, म्हणजे हा सोहळाही दोन-तीनदा व्हायचा.

आता मेकबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं. आपण सी भाषेत लिहितो तो नुसता मजकूर असतो. मशीनला तो तसा चालत नाही. कंपायलर त्याचं मशीनला चालेल असं रूप करून देतो. म्हणजे दोन फाईली झाल्या, एक आपण लिहिलेली आणि एक त्याच्यावरून बनवलेली. मजकुरात बदल केला की दुसरी फाईल पुन्हा बनवावी लागते. आमची मशीन इतकी मंद की सगळा प्रोग्राम नव्याने बनवायला पाऊण तास लागायचा. म्हणून मेक नावाचा एक मुकादम. तो दोन्ही फाईलींच्या तारखा बघतो. लिहिलेली फाईल नवी आणि बनवलेली जुनी असेल तर पुन्हा बनवतो. बनवलेली नवी असेल तर 'सगळं ठीक आहे' एवढं म्हणून गप्प बसतो. आत काय लिहिलंय ते तो वाचत नाही. फक्त तारीख बघतो.

मी 'यादी' नावाची एक कमांड करून ठेवली होती. ती टाइप केली की आधी मेक चालायचा, मग प्रोग्राम, मग प्रिंटरवर यादी. मेक पडद्यावर काहीबाही इंग्रजी बोलायचा आणि वासुदेवराव घाबरायचे.

"नत्थू, हे काऊन बोंबलून राह्यलं? बिघडलं का काय?"

"नाई साहेब, काम करून राह्यलं."

"मंग गुपचूप कर म्हना. साहेब लोक पाहायले येते तवा असं चांगलं नाई दिसत."

मी त्याचं तोंड बांधलं. मेक जे काही बोलेल ते पडद्यावर न येता एका फाईलीत जाऊन पडेल अशी सोय केली. ती फाईल कधीच कोणी उघडत नव्हतं. मीही नाही. साहेब खूश झाले आणि मला चहा पाजला. त्या चहाची चव मला अजून आठवते, आणि चांगली नाही आठवत.

पुनाजी तिसऱ्या पाळीतला बदली कामगार. रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर. काम ब्लोरूममध्ये. तिथे कापसाच्या गाठी फोडून मशीनला घालतात आणि माणूस बाहेर येतो तो भुवयांपासून पांढरा होऊन येतो. अकरा वर्षं तो हे करत होता. कोणी कायम कामगार गैरहजर असला की ह्याला आत घ्यायचं, नसला की गेटवरून परत. नियम असा की वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर बदलीवाला कायम होतो. मागची दहा वर्षं दोनशे तीसच्या पुढे गेला की पुनाजीला गेटवर काम मिळणं बंद व्हायचं. हे आपोआप होत नव्हतं, करत होते. या वर्षी साथ आली, लोक आजारी पडले, गिरणीचा नाइलाज झाला, आणि पुनाजी पुढे सरकला.

आणि हीच शेवटची यादी होती. एक एप्रिलपासून बदलीची पद्धतच बंद. यादीत नाव आलं तो कायम, राहिला तो गिरणीच्या बाहेर. त्यानंतर कंत्राटदाराची माणसं. गिरणीचे चेअरमन अण्णाजी यांनी ठरवलं होतं की यादी पाडव्याच्या मुहूर्तावर, सकाळी आठला, त्यांच्या हाताने गेटवर लागेल.

शनिवारी, अठ्ठावीस तारखेला मी गिरणीत नव्हतो. आत्या वारली होती. तिच्या अस्थी धाम नदीत सोडायला पवनारला गेलो होतो. मी नसताना, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, वासुदेवरावांनी 'यादी' टाइप करून कच्ची यादी काढून पाहिली. शुक्रवारी मी यादीच्या मथळ्यात थोडा बदल करून ठेवला होता, म्हणून मेकने प्रोग्राम नव्याने बनवला आणि मग यादी निघाली. हे लक्षात ठेवा. प्रोग्राम बनला शनिवारी संध्याकाळी.

रविवारी सकाळी, एकोणतीस तारखेला, मी गेलो तेव्हा मशीन चालू झालेली होती. नऊ-साडेनऊला पुनाजी दारात. रात्रपाळी करून घरी न जाता थांबलेला. काखेत डालड्याचा डबा.

"नत्थूभाऊ, कच्च्या यादीत माह्यं नाव नाई म्हनते."

"कोन म्हनते?"

"वासुदेवराव. दोनशे चवतीस भरले म्हनते. माह्याजवळ चिठ्ठ्या हायेत, भाऊ. मोज."

बदलीवाल्याला प्रत्येक पाळीला शिक्का मारलेली चिठ्ठी मिळायची. त्याने वर्षभराच्या सगळ्या डब्यात जपल्या होत्या. मी टेबलावर महिन्यामहिन्याचे गठ्ठे लावले आणि मोजले. पुन्हा मोजले. दोनशे त्रेचाळीस.

वासुदेवराव खुर्चीतूनच ओरडले, "अवसेच्या दिवशी कायले पसारा मांडून राह्यला बे?"

"मोजून राह्यलो."

"मशीननं मोजलं ना? तू काय मशीनचा बाप हायेस?"

"बाप नाई, मास्तर असन तिचा," पुनाजी म्हणाला. "पोट्टं चुकलं तर मास्तरच पाहीन ना."

वासुदेवरावही हसले. ते वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणूस सापडला असता तर मला सोपं झालं असतं.

मी डिबगर लावला. डिबगर म्हणजे चालता साचा हवा तिथे थांबवून कोणत्या चातीवर धागा तुटला ते बघावं, तसं प्रोग्रामचं करणारं अवजार. पुनाजीचा बिल्ला नंबर चारशे सतरा. त्या नंबरावर प्रोग्राम थांबवला आणि मागच्या मार्चपासून या फेब्रुवारीपर्यंत एकेक महिना पुढे नेला. पुनाजी माझ्या मागे उभा राहून चिठ्ठ्यांचे आकडे सांगत होता.

"मार्च?"

"एकवीस."

मशीन म्हणत होती वीस.

"एप्रिल?"

"एकोणीस."

मशीन अठरा. मे महिन्याला दोन्हीकडे बावीस. जूनला पुन्हा एक कमी. बारा महिन्यांपैकी नऊ महिन्यांत एकेक दिवस गायब. मेमध्ये का नाही? मी चिठ्ठ्या चाळल्या. मेच्या शेवटच्या रात्री पुनाजीला काम मिळालं नव्हतं. दिवस गायब झालेल्या नऊही महिन्यांत शेवटच्या रात्री तो कामावर होता. मग दिसलं. माणूस आत गेला महिन्याच्या शेवटच्या तारखेला रात्री अकराला, बाहेर आला पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला. प्रोग्राम त्याचं बाहेर येणं त्याच महिन्याच्या फाईलीत शोधायचा, सापडलं नाही की ती पाळीच टाकून द्यायचा. मुंबईच्या इंजिनिअरने बहुतेक तिसरी पाळी कधी पाहिलीच नव्हती. तो दहाला यायचा, पाचला जायचा.

चार ओळींची दुरुस्ती होती. मी ती लिहिली. बारा वाजून गेले होते. फाईल सेव्ह केली, आता मेक चालवून बनवतो म्हणून हात उचलला आणि लाईन गेली.

तासभर वाट पाहिली. वासुदेवराव डबा आवरून उठले. "आता नाई. रविवार हाय, त्यात अवस. उद्या पाडव्याले सकाळीच काढू."

"साहेब, नुसतं बनवून पाहू द्या एक डाव."

"अवसेले नवीन काही बनवाचं नाई. तूच म्हनतो ना, 'यादी' टाइप केलं का ती आधी बनवते मंग छापते?"

"हो."

"मंग? उद्या म्या टाइप करतो. तू घरी गुढी उभारून आरामात ये."

इथे मी अडून बसायला पाहिजे होतं. तपासल्याशिवाय काम सोडायचं नाही हे मला तिन्ही बाडांनी शिकवलं होतं. मी अडलो नाही. माझी कमांड, माझी दुरुस्ती, माझी हुशारी. बाहेर पुनाजी लिंबाखाली बसला होता.

"झालं?"

"झालं. तुह्यं नाव पक्कं."

"पक्कं ना, भाऊ? धुरपताले सांगू?"

"सांग. उद्या तिले गेटवर घेऊन येजो."

तो उठला, धोतर झटकलं, डबा काखेत मारला आणि कापसाने पांढऱ्या झालेल्या डोक्याने उन्हात निघाला. इतका ताठ चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

पाडव्याला मी साडेनऊला पोचलो. गेटवर गर्दी. यादीला हार घातलेला. पुनाजी आणि त्याची बायको धुरपता गर्दीच्या बाहेर उभे होते. तिने नवं लुगडं नेसलं होतं, हातात गुळाची पुडी.

"नत्थूभाऊ, तू वाच गा," पुनाजी म्हणाला. " तो वाचमन चष्मा नाई लावत. तीन डाव वाचलं म्हनते, पन त्याले दिसत नाई."

मी वाचलं. वरून खाली, मग खालून वर. नंबर चारशे सतरा नव्हता.

"हाय ना?" पुनाजी.

 धुरपता माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग ती पुनाजीला त्यांच्या आदिवासी बोलीत काहीतरी बोलली, चार-पाच शब्द. त्याने मला अर्थ सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. तिने गुळाची पुडी कंबरेला खोचली.

मी टाइम ऑफिसकडे धावलो. कुलूप. वासुदेवराव अण्णाजींच्या घरी जेवायला गेले होते.

एकतीस तारखेला सकाळी मशीन मिळाली. मला वाटलं माझी दुरुस्तीच चुकली. फाईल उघडली. चारही ओळी जागच्या जागी. डिबगर लावून त्याच ठिकाणी प्रोग्राम थांबवला, तर तो वागत होता जुन्यासारखा. जणू त्या ओळी नव्हत्याच. दोन तास मी तेच पुन्हा पुन्हा केलं. आपल्याला काही येत नाही, दहावी पास माणसाने ह्यात पडायलाच नको होतं, असं वाटायला लागलं. शेवटी काही सुचेना म्हणून दोन्ही फाईलींच्या तारखा काढल्या.

बनवलेली फाईल: अठ्ठावीस मार्च, सोळा वाजून पन्नास मिनिटं. बरोबर, वासुदेवरावांनी शनिवारी कच्ची यादी काढली तेव्हाची.

लिहिलेली फाईल, माझ्या दुरुस्तीची: अठ्ठावीस मार्च, बारा वाजून दहा मिनिटं.

अठ्ठावीसला दुपारी बारा वाजता मी धाम नदीत गुडघाभर पाण्यात उभा होतो. आत्याच्या अस्थी हातात होत्या.

"वासुदेवराव, परवा मशीन चालू करताना तारीख कोन्ती टाकली?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"अठ्ठावीस."

"काऊन?"

"अवस होती."

"म्हनून?"

"अवसेच्या नावानं मी काही चालू करत नाई. माह्या बापानं नाई केलं. मशीन आली तवापासून अवसेले आदल्या दिवसाचीच तारीख टाकतो. एका दिसानं काय बिघडते, नत्थू? हजेरीची तारीख तर गेटवरून येते ना."

खरं होतं. हजेरीची तारीख गेटवरच्या नोंदीतून यायची, म्हणून चौदा महिन्यांत चौदा वेळा मशीनला खोटी तारीख सांगूनही कोणाला कळलं नव्हतं. अवसेच्या दिवशी मी प्रोग्रामला कधी हातच लावला नव्हता. परवा पहिल्यांदा लावला. मेकने पाडव्याला सकाळी पाहिलं: दुरुस्ती दुपारची, बनवलेला प्रोग्राम संध्याकाळचा. मग बनवायचं कशाला? सगळं ठीक आहे.

मेक मुका नव्हता. मी ती फाईल उघडली जिच्यात त्याचं बोलणं जाऊन पडायचं. शेवटची ओळ पाडव्याची, सात वाजून बावन्न मिनिटांची: प्रोग्राम ताजा आहे, नव्याने बनवण्याची गरज नाही. अण्णाजींनी हार घालायच्या आधी आठ मिनिटं. ही ओळ पडद्यावर दिसली असती तर वासुदेवरावांनी नेहमीसारखी बोंब मारली असती, कोणालातरी माझ्याकडे पिटाळलं असतं, आणि मी धावत आलो असतो. मी त्याचं तोंड बांधलं होतं. चहासाठी.

मशीनला सगळं नव्याने बनवायला लावलं. पाऊण तास. यादी काढली. पुनाजीचं नाव आलं, आणि तिसऱ्या पाळीतल्या आणखी सहा जणांचं. सात माणसं. मी यादी घेतली, बाहेर बसलेल्या पुनाजीकडून डबा घेतला आणि मॅनेजरच्या खोलीत गेलो. वासुदेवराव न सांगता मागे आले.

मॅनेजरने यादी बघितली. शिकलेला माणूस, नागपूरचा, आवाज कधी चढवायचा नाही.

"हिच्यावर तारीख आजची आहे."

"आजच काढली."

"ठराव पाडव्याच्या यादीवर झालाय."

वासुदेवराव मधे बोलले, "साहेब, तारीख म्या मांग घेतो. पाडव्याची छापून देतो."

मॅनेजर हसला. "म्हणजे पाडव्याच्या दोन याद्या. खरी कोणती?"

"ही," मी म्हटलं. "चूक कुठे होती ते दाखवतो. चला मशीनवर."

"मग मागचे चौदा महिने? सगळ्यांची हजेरी उघडायची? तिसऱ्या पाळीतले तीनशे लोक उद्या गेटवर उभे राहतील."

"राहू द्या."

"तुम्हाला काय जातं. कंत्राटदाराचा करार उद्यापासून सुरू होतो."

मी डबा टेबलावर उपडा केला. "ह्या चिठ्ठ्या तुमच्याच शिक्क्याच्या आहेत. मोजा."

"कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून चिठ्ठ्या रद्द आहेत."

"मग रोज शिक्का मारून देता कशाला?"

त्याने थोडा विचार केला. खरोखर केला. "सवय," म्हणाला.

चिठ्ठ्या आणि यादी त्याने तपासायला म्हणून ठेवून घेतल्या. मी दिल्या. ही माझी तिसरी चूक, आणि पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी. तो डबा परत कोणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी मागायला गेलो तर शिपाई म्हणाला, कोन्ता डबा?

त्याच दिवशी मी सगळं कागदावर लिहिलं. तारीख कोणी खोटी टाकली, मेकचं तोंड कोणी बांधलं, न तपासता 'पक्कं' कोणी म्हटलं, आणि खरी यादी समोर असताना ती कोणी दाबली. वासुदेवरावांचं नाव, माझं नाव, मॅनेजरचं नाव. वासुदेवराव माझ्या टेबलाशी आले.

"माह्यं नाव काढ ना, लेका. तीन वर्सं राह्यली."

"पुनाजीची अकरा गेली."

"म्या जानून केलं का?"

"नाई. मीबी नाई."

मी नाव काढलं नाही. कागद मॅनेजरला दिला, एक प्रत अण्णाजींना. काही झालं नाही. वासुदेवरावांना कोणी बोललं नाही, मला कोणी काढलं नाही. मशीन चालवणारा दुसरा माणूस गिरणीकडे नव्हता. ड्रॉवर उघडला, कागद आत गेला, ड्रॉवर बंद झाला.

मी पुनाजीच्या घरी गेलो. गावाबाहेर आठ-दहा घरं, त्यांतलं एक. धुरपताने पाणी दिलं आणि आत निघून गेली. मी त्याला सगळं सांगितलं, मेकसकट. वाटलं होतं समजणार नाही.

"म्हनजे तिनं आत काय लिहिलं ते पाह्यलंच नाई? निसती तारीख पाह्यली?"

"हो."

"अन् पह्यले जे होतं तेच खरं धरलं."

"हो."

"मंग मॅनेजरनं काय येगळं केलं?" त्याने बिडी पेटवली. दोन झुरके घेतले आणि खोकला लागला, बराच वेळ.

"कोर्टात जा," मी म्हटलं. "मी साक्ष देतो. यादी पुन्हा काढून देतो."

"तू देशीन, भाऊ. पन कंत्राटदाराचा मानूस काल येऊन गेला. म्हने, जो कोर्टात जाईन त्यानं गेटवर येऊ नोको. वर्ध्याले खेपा मारू का रोज काम पाहू?" मग खाली बघत म्हणाला, "तू पक्कं म्हनलं नसतं त परवडलं असतं. धुरपतानं चार घरी सांगून ठेवलंतं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवून उठलो.

पंधरा दिवसांनी तो कंत्राटदाराच्या माणसांत परत आला. तेच ब्लोरूम, तीच तिसरी पाळी, त्याच गाठी. फरक एवढाच की आता त्याला बिल्ला नव्हता आणि चिठ्ठीही नव्हती.

मॅनेजरने मला बोलावलं. कंत्राटी माणसांसाठी नवा प्रोग्राम पाहिजे. नावं नकोत, नंबर नकोत. किती आत गेले आणि किती बाहेर आले, फक्त आकडा.

"नावं का नकोत?"

"लागत नाहीत."

मी तो लिहिला. नाही म्हणू शकलो असतो. आई घरी आजारी होती, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, ही कारणं सगळ्यांकडे असतात आणि मॅनेजरकडेही असतील. मी लिहिला. तीस-चाळीस ओळींचा. मेकचं तोंड मात्र मोकळं केलं. आता तो जे बोलेल ते पडद्यावर.

पुढची अवस एप्रिलच्या शेवटी आली. त्याच दिवशी नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालवायचा होता. मी सकाळी सातच्या आधी गेलो. वासुदेवराव मशीनपुढे बसले होते. मशीनने तारीख विचारली होती आणि ते नुसते पडद्याकडे बघत होते. काचेखालचं पंचांग त्यांनी काढून टाकलेलं होतं. बोट उचलायचे, पुन्हा मांडीवर ठेवायचे. मी मागे उभा राहिलो.

त्यांनी तारीख टाकली. त्या दिवसाचीच. अवसेची. हात जोडले नाहीत. उठले आणि खुर्ची मला दिली.

मी मेक चालवला. पडद्यावर एकेक ओळ आली, सगळं नव्याने बनलं, पहिल्याच फटक्यात, एकही चूक निघाली नाही. भोंगा झाला. तिसरी पाळी सुटली. खिडकीतून गेट दिसत होतं. कंत्राटदाराचा माणूस बोटाने मोजत एकेकाला बाहेर सोडत होता. पुनाजी पाठीमागून तिसरा होता, भुवयांपर्यंत पांढरा. त्याने खिडकीकडे पाहिलं नाही.

वाचमन आत आला. "चौदा," म्हणाला.

मी चौदा टाइप केलं. रात्री आत गेले होते चौदा. जुळलं.